ब्रसेल्सचा कायदा, निफाडची बाग

भारत युरोपीय संघाचा सदस्य नाही. तिथल्या संसदेत आपला खासदार नाही, तिथल्या आयोगात आपलं माणूस नाही, तिथल्या न्यायालयाचा निकाल आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, दिंडोरी, चांदवडकडच्या निर्यातीच्या द्राक्षबागांवर कोणतं औषध मारायचं, काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं आणि त्याची नोंद कशी ठेवायची, हे गेली वीसेक वर्षं बऱ्याच अंशी ब्रसेल्समध्ये ठरत आलं आहे. माझी सगळी नोकरी या एका गोष्टीभोवती गेली. पॅकहाऊसमध्ये रेसिड्यूचे, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचे अहवाल, बागांच्या नोंदी आणि निर्यातीची कागदपत्रं सांभाळणं हे माझं काम.

कृषी पदवीला आम्हाला 1968 चा कीटकनाशक कायदा होता. परीक्षेत त्यावर टिपा लिहिल्या. नोकरीत मात्र रोज ज्याच्याशी गाठ पडली तो 396/2005 या क्रमांकाचा युरोपीय नियम. सप्टेंबर 2008 पासून त्यानं संघातल्या सगळ्या देशांसाठी कीडनाशकांच्या उर्वरित अंशाची एकच कमाल मर्यादा आणली. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोला 0.01 मिलिग्रॅम. म्हणजे हजार टन द्राक्षांत दहा ग्रॅम. बागायतदारांच्या बैठकीत हा हिशेब मी फळ्यावर मांडायचे, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुजही थांबायची.

या सगळ्याची सुरुवात 2003 च्या हंगामात झाली. नेदरलँड्समध्ये उतरलेल्या भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश मर्यादेबाहेर सापडले आणि युरोपभर इशारा गेला. त्यानंतर आपल्याकडे जी हालचाल झाली ती मी जवळून पाहिली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात संदर्भ प्रयोगशाळा उभी राहिली. शेतमाल निर्यातीचं काम पाहणाऱ्या केंद्राच्या अपेडानं युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी कार्यपद्धतीचा दस्तऐवज काढला, बागांची नोंदणी सक्तीची झाली, आणि पुढच्या काही वर्षांत ग्रेपनेट ही माग काढणारी नोंदप्रणाली आली. ग्रेपनेटमुळे रॉटरडॅमच्या गोदामातल्या एका पॅलेटवरून ती पेटी कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटमधली हे शोधता येऊ लागलं. आपल्या शेतीत इतकी नेमकी साखळी तोवर कोणी बांधली नव्हती. मला त्याचा अभिमान वाटायचा, आजही वाटतो.

त्या सुरुवातीच्या दिवसांत एका वयस्कर बागायतदारांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हा नियम आपल्या सरकारचा का त्यांचा?" मी म्हटलं, "काका, कागद आपल्या सरकारचा आहे. पण त्यातला आकडा त्यांचा आहे." त्यांनी पुढचा प्रश्न टाकला, "मग आकडा बदलायचा असला तर अर्ज कोणाकडं करायचा?" त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा धड उत्तर नव्हतं. ते शोधण्यात पुढची बरीच वर्षं गेली.

परका कायदा आपल्या घरात कसा शिरतो हे त्या संवादात सगळं आहे. तो संसदेतून येत नाही. त्यावर चर्चा होत नाही, मतदान होत नाही. आधी बंदरावर माल अडतो. मग आयातदार अट घालतो. ती अट निर्यातीच्या कार्यपद्धतीत लिहिली जाते, त्या कार्यपद्धतीवर जिल्हा कृषी कार्यालयाचा शिक्का बसतो, आणि पाच-सहा वर्षांत तो आपलाच नियम होऊन जातो. कोलंबिया विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापक अनू ब्रॅडफोर्ड यांनी या प्रक्रियेला 'ब्रसेल्स इफेक्ट' असं नाव दिलं. त्यांचा लेख 2012 चा, पुस्तक 2020 चं. त्यांचं म्हणणं असं, की एवढी मोठी बाजारपेठ हातात असली की कोणावर जबरदस्ती करावी लागत नाही. विकणारा आपणहून तो नियम पाळतो, आणि एकदा पाळायला लागला की आपल्या सरकारलाही तसाच नियम करायला सांगतो. ते वाचताना मला आमच्या पॅकहाऊसच्या मागच्या खोलीतल्या फायलींचे गठ्ठे आठवत होते.

2010 च्या हंगामाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण तो आमच्या सगळ्यांच्या अंगावर आला. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागेत सगळे सीसीसी म्हणतात, हे वाढ रोखणारं रसायन. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर नव्या फुटीचा जोर आवरावा, काडीत घडनिर्मिती चांगली व्हावी, म्हणून ते कित्येक वर्षं वापरात होतं. फवारणी उन्हाळ्यात, फळ जानेवारीनंतर. इतक्या महिन्यांनी त्याचा अंश मण्यात उतरेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. शिवाय नेहमीच्या एकत्रित चाचणीत ते पकडलं जात नाही, त्याला वेगळी पद्धत लागते. युरोपात मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. तिथल्या प्रयोगशाळांनी ती वेगळी चाचणी केली आणि अंश सापडला.

त्यानंतरचे आठवडे फोनवर गेले. कंटेनर समुद्रात होते, काही पोचले होते, काही न्हावा शेवाला उभे होते. तिकडच्या सुपरमार्केटांनी भारतीय द्राक्ष फळीवरून काढलं. इकडे वेलीवर माल तयार, आणि पिकलेलं द्राक्ष थांबत नाही. ज्यांनी आमच्या यादीतला शब्द न शब्द पाळला होता, ज्यांचे अहवाल सगळे पास होते, त्यांचाही माल अडकला. एका तरुण बागायतदारानं माझ्या टेबलावर त्याची फवारणीची वही ठेवली आणि एवढंच म्हणाला, "ताई, यात काय चुकलं ते दाखवा." वहीत काहीच चुकलेलं नव्हतं. त्यानं कर्ज काढून त्याच वर्षी प्लास्टिक आच्छादन केलं होतं. पुढे त्यानं अर्धी बाग तोडली आणि टोमॅटो लावला.

त्याच सुमारास मी जुने युरोपीय दस्तऐवज चाळायला लागले, तेव्हा एक गोष्ट कळली. तिथल्या नाशपातीच्या बागांतही हेच रसायन पूर्वी वापरलं जायचं. वापर थांबवल्यावरही झाडाच्या लाकडात साठलेला अंश पुढची काही वर्षं फळात येत राहिला. म्हणून नाशपातीसाठी तात्पुरती वाढीव मर्यादा दिली गेली आणि ती टप्प्याटप्प्यानं खाली आणली गेली. निर्णय शास्त्राला धरून होता, त्यात गैर काही नाही. पण तिथल्या बागायतदाराचं म्हणणं मांडायला त्याचं सरकार त्या समितीत बसलेलं होतं. आमच्या बागायतदाराला त्या हंगामात एक आठवडाही मिळाला नाही. सदस्य असणं आणि नसणं यातला फरक मला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकापेक्षा या दोन फळांनी जास्त शिकवला.

पुढे सीसीसी यादीत आलं, चाचणी सुरू झाली, वापर थांबला. काम पुन्हा मार्गी लागलं. तेव्हा अन्न आणि पशुवैद्यकीय कार्यालय म्हणून ओळखलं जाणारं युरोपीय आयोगाचं कार्यालय आयर्लंडमध्ये ग्रेंज इथे आहे. तिथले तपासनीस सदस्य नसलेल्या देशांतही जाऊन तिथली नियंत्रणव्यवस्था तपासतात. असं एक पथक आमच्या भागात आलं होतं. त्यातल्या बाईंनी एक पेटी उचलली, तिच्यावरचा क्रमांक वाचला आणि त्या प्लॉटवर जायचं म्हणाल्या. आम्ही गेलो. वही बघितली, औषधांची खोली बघितली, रिकाम्या बाटल्या कुठे टाकता ते विचारलं. सगळं नीट होतं. निघताना त्यांनी बांधापलीकडच्या बागेकडे बोट दाखवलं. तीही त्याच घरची होती, पण निर्यातीला नोंदवलेली नव्हती. "त्या बागेचं फळ कोण तपासतं?" मी म्हटलं, ते देशांतर्गत बाजारात जातं. त्या म्हणाल्या, तो माझ्या अधिकाराचा विषय नाही, आणि गाडीत बसल्या.

माझ्या कामाकडे बघण्याची माझी दृष्टी त्या दिवशी बदलली. तोवर मी फक्त माल पास होतो की नाही एवढंच बघत होते. नापास झालेल्या प्लॉटचं पुढे काय होतं हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं. अहवाल नापास आला की तो प्लॉट युरोपसाठी बंद होतो. फळ मात्र वेलीवरच असतं. ते दुसऱ्या देशात जातं किंवा नाशिकहून ट्रकनं दिल्ली, कोलकात्याला जातं, मुंबईला जातं. आपल्या मर्यादेत बसत असेल तर त्यात बेकायदा काही नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही ज्या औषधाला मर्यादा ठरलेली नाही त्याला 0.01 चाच आकडा लिहिलेला आहे. कागदावर दोन्ही कायदे पुष्कळ जवळ आले आहेत. फरक एवढाच की निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटचा नमुना घेतला जातो, आणि आपल्या बाजारातल्या पेटीचा नमुना क्वचित कोणी घेतो.

परक्या कायद्याचा हात कुठवर पोचतो हेही मला बागेतच समजलं. अनेकदा असं व्हायचं, की वही स्वच्छ, माणूस प्रामाणिक, आणि अहवालात भलतंच औषध. खोदून विचारलं की कळायचं, दुकानदारानं एक 'बायो' टॉनिक दिलं होतं. बाटलीवर वनस्पतींचा अर्क असं लिहिलेलं, आत मात्र न सांगितलेलं कीडनाशक. भुरी किंवा मिलीबग त्यामुळे झटपट आटोक्यात यायचा, म्हणून त्याची ख्याती पसरायची. आता युरोपचा नियम काय करतो? तो माल अडवतो. शिक्षा होते ती बागायतदाराला. बाटली भरणारा कारखाना आणि ती विकणारा दुकानदार यांच्यापर्यंत ब्रसेल्स कधीच पोचू शकत नाही. तिथे आपलाच कायदा, आपलाच गुणनियंत्रण निरीक्षक आणि आपलंच न्यायालय लागतं. बाहेरून आलेला नियम साखळीच्या शेवटच्या माणसाला शिस्त लावतो. त्याच्या मागच्या सगळ्यांना शिस्त लावायचं काम आपलं, आणि ते आपण अर्धवट केलं.

अर्धवट म्हणते, कारण काही झालंच नाही असं नाही. इतर देशांत बंद किंवा निर्बंधित झालेली, पण भारतात चालू असलेली 66 कीडनाशकं तपासायला 2013 साली डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींवरून केंद्रानं ऑगस्ट 2018 मध्ये 18 औषधांवर बंदीचा आदेश काढला. बारा लगेच, सहा 2020 च्या अखेरीपासून. बाहेरच्या देशांचा निर्णय इथल्या फेरविचाराला निमित्त ठरला, आणि निर्णय आपल्या समितीनं आपल्या कायद्याखाली घेतला. मला हा मार्ग मनापासून योग्य वाटतो. पंजाबचं उदाहरणही असंच. युरोपनं तांदळातल्या ट्रायसायक्लाझोल या बुरशीनाशकाची मर्यादा 0.01 वर आणली आणि बासमतीचे सौदे अडचणीत आले. पुढे 2022 मध्ये पंजाब सरकारनं बासमतीच्या हंगामात दहा कीडनाशकांची विक्री साठ दिवसांसाठी थांबवली. कीटकनाशक कायद्याच्या कलम 27 मध्ये तसा अधिकार आहे. म्हणजे ज्या कायद्यावर आम्ही परीक्षेत टिपा लिहिल्या, त्यातच उत्तर होतं. पंजाबनं नेम दुकानावर धरला, आम्ही वर्षानुवर्षं शेतकऱ्यावर धरत होतो.

आपल्या कोकणालाही हा अनुभव आहे. 2013 मध्ये भारतातून गेलेल्या फळांच्या आणि भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली, आणि 1 मे 2014 पासून युरोपनं भारतीय आंबा बंद केला. ऐन हंगामात हापूस अडकला. मग वाशीच्या आणि इतर केंद्रांतल्या प्रक्रियेचे, तपासणीचे नियम कडक झाले आणि 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली. फळमाशी काही 2014 साली जन्मली नव्हती. बंदी येईपर्यंत आपण थांबलो.

हे फक्त शेतमालाचं नाही. माझा भाचा हिंजवडीत संगणक कंपनीत आहे. मे 2018 मध्ये युरोपचा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा नियम लागू झाला, तेव्हा त्याच्या कंपनीतही आमच्यासारखीच धावपळ झाली होती. आपल्याकडे याच विषयावर नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीच्या अहवालात त्या नियमाची दखल जागोजागी आहे, आणि 2023 साली आपला स्वतःचा कायदा झाला. भाचा त्याच्या नोंदींबद्दल बोलतो तेव्हा मला आमच्या फवारणीच्या वहीबद्दलच ऐकते आहे असं वाटतं.

युरोपातही सगळे आत नाहीत. नॉर्वेच्या जनतेनं 1972 आणि 1994 मध्ये संघात जायला नकार दिला, पण युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या करारामुळे संघाच्या बाजारपेठेचे नियम त्यांना घ्यावेच लागतात आणि ते ठरवताना मत देता येत नाही. ब्रिटन बाहेर पडलं, तेव्हा आम्हाला वाटलं तिथले नियम सैल होतील. झालं असं की त्यांनी सुरुवातीला युरोपचेच आकडे आपल्या कायद्यात घेतले आणि मग हळूहळू आपले वेगळे ठरवायला लागले. आता एकाच बागेसाठी दोन तक्ते बघावे लागतात. बाहेर पडणाऱ्याचंही काम वाढतं आणि त्याला माल विकणाऱ्याचंही.

मी युरोपच्या नियमांची आंधळी भक्त नाही. तिथे मनाई असलेली काही औषधं तिथल्याच कारखान्यांतून बाहेरच्या देशांना विकली जातात, आणि तीच फवारलेलं फळ मात्र तिथे परत चालत नाही. हा अन्याय आहे आणि तो स्पष्ट बोलला पाहिजे. सुपरमार्केटांचं तर आणखी वेगळं. काही साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालेल म्हणतात, फळात एकूण किती औषधांचे अंश दिसले तर चालतील याचीही संख्या घालतात. तो कायदा नाही, त्याच्याविरुद्ध दाद मागायची सोय नाही, आणि खर्च सगळा बागायतदाराचा.

मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो अलीकडचा बदल. 2023 मध्ये युरोपनं क्लोथियानिडीन आणि थायामेथॉक्झाम या दोन कीटकनाशकांच्या मर्यादा आयात मालासाठीही मोजता येईल त्या किमान पातळीवर आणायचं ठरवलं. अंमल मार्च 2026 पासून. कारण दिलं ते खाणाऱ्याच्या आरोग्याचं नाही. कारण आहे मधमाश्या आणि इतर परागवाहक कीटक, जगभरातले. म्हणजे आता युरोपचा नियम त्यांच्या ताटाबरोबर आपल्या बांधावरच्या मधमाशीबद्दलही बोलतो. मधमाशी वाचली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डाळिंबवाल्यांना, कांदा बियाणंवाल्यांना विचारा, मधमाश्या नसल्या की काय होतं. पण आपल्या मधमाशीचा विचार आपल्या आधी दुसऱ्यांनी करावा आणि तो आपल्याकडे बंदरावरची अट म्हणून यावा, याची मला खंत वाटते.

त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर आता मला देता येतं. अर्ज करता येतो. त्याच 396/2005 नियमात बाहेरच्या देशातल्या पिकाच्या गरजेनुसार आयातीसाठी मर्यादा मागण्याची तरतूद आहे. त्यासाठी त्या औषधाच्या, त्या पिकातल्या रेसिड्यू चाचण्यांची शास्त्रशुद्ध माहिती द्यावी लागते. ती गोळा करायला पैसा आणि वेळ लागतो, आणि जुन्या, पेटंट संपलेल्या औषधासाठी कोणतीही कंपनी तो खर्च करत नाही. ते काम सार्वजनिक संस्थांनी करायला हवं. दुसरी वाट जागतिक व्यापार संघटनेची. असे बदल अमलात येण्याआधी मसुदा तिथे कळवला जातो आणि इतर देशांना म्हणणं मांडायला साधारण साठ दिवस मिळतात. मी असे कित्येक मसुदे मुदत उलटल्यावर तालुक्यात पोचलेले पाहिले आहेत.

म्हणून बागायतदार संघ, कृषी विद्यापीठं आणि शेतकरी कंपन्या चालवणाऱ्या तरुण मुलामुलींना माझी विनंती आहे. हे मसुदे नियमित वाचणारं एक तरी माणूस आपल्याकडे ठेवा. आपल्या बागांतल्या चाचण्यांचे आकडे त्या साठ दिवसांच्या आत दिल्लीला पोचवा. आणि निर्यातीच्या प्लॉटवर जो नमुना घेतला जातो, तो पिंपळगावच्या, वाशीच्या, पुण्याच्या बाजार समितीत येणाऱ्या पेट्यांचाही घेतला जावा, यासाठी आमदारांकडे, अन्न प्रशासनाकडे मागणी लावून धरा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्रयोगशाळा आहेत, आकडा आपल्या नियमात लिहिलेला आहे.